सुंठीवाचून खोकला

मराठी भाषेची कधी कुणी नीट झडती घेतली, तर तिच्या पदरात निम्मा माल काष्ठौषधीच्या दुकानातला निघेल. एखादे काम आपसूक झाले की आपण म्हणतो, सुंठीवाचून खोकला गेला. जरा यश मिळताच माणूस फुगला, की तो अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. घाईला आलेल्याला आपण 'पी हळद नि हो गोरी' म्हणून टोमणा मारतो. थोडे देऊन फार उपटणारा आवळा देऊन कोहळा काढतो. आणि दुपारी तीननंतर काउंटरवर बसलेला मनुष्य आमच्या बँकेत औषधालासुद्धा सापडत नाही, असे ग्राहक म्हणतात. हे शेवटचे खोटे आहे, पण म्हण चांगली आहे.

ज्या लोकांच्या म्हणीतसुद्धा सुंठ, हळद आणि आवळा सुटत नाहीत, त्यांच्या घरात औषधाचा डबा नसेल तर नवल. आमच्या नंदनवनात तर बिनडब्याचे घर सापडणे कठीण. वस्तीचे नाव इंद्राच्या बागेवरून, तेव्हा बाग हवीच. म्हणून बाल्कनीत तुळस, अडुळसा, गवती चहा, पानओवा आणि कोरफड अशा पाच कुंड्या. शिवाय वस्तीच्या आसपासचा भूगोलही औषधी. ग्रेट नाग रोडने निघालात की बैद्यनाथ चौक लागतो. दुसरीकडे वळलात तर सक्करदऱ्याचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय. तिसरीकडे गेलात तर मेडिकल. आणि हे सगळे सोडून इतवारीत शिरलात तर किराणा ओळ, जिथे गोणीतली हळद, पेटीतला हिंग आणि बरणीतला हिरडा एकमेकांच्या वासात मिसळून बसलेले असतात. नंदनवनातल्या माणसाने आजारी पडायचे ठरवले, तर कुठल्या दिशेने जावे हाच मोठा प्रश्न.

या डब्याला पुस्तकी मराठीत 'आजीबाईचा बटवा' म्हणतात. बटवा हा शब्द मला कधी पटला नाही. बटव्यात सुपारी मावते, आजी मावत नाही. आमच्या आजीचा होता तो पितळी, झाकणाचा, आत खण असलेला डबा. मिसळणाच्या डब्याचा हा सख्खा भाऊ. फरक एवढाच की मिसळणाचा डबा ओट्यावर आणि हा फडताळात, देवांच्या तसबिरीखाली. आत सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकूट. हिरडा, बेहडा, आवळकाठी हे दुसरे. मग ज्येष्ठमध, वेखंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, काकडशिंगी, नागरमोथा, अतिविष, बाळंतशेपा, डिकेमाली. मुरुडशेंग ही वस्तू स्क्रूसारखी पिळलेली असते. पोटात मुरडा येतो, तीही मुरडलेली, म्हणून तीच त्यावर औषध, हा तर्क आम्हा मुलांना इतका बिनतोड वाटे की पुढे बी.कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात तसा सापडला नाही.

या डब्याचे माप ग्रॅममध्ये नव्हते. माप होते वेढे. सहाणेवर थोडे पाणी किंवा आईचे दूध घ्यायचे आणि मुळी गोल फिरवायची. हिरड्याचे दोन वेढे, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धा. जायफळाचा वेढा अर्ध्यावरून दीडवर गेला की मूल रात्रभर झोपते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठत नाही. तेव्हा अर्धा वेढा म्हणजे नेमका अर्धाच. बँकेत आम्ही पैशाचा फरक शोधायला रात्री नऊपर्यंत बसत असू. आजी जायफळाच्या बाबतीत तशीच होती.

आता हे ज्ञान आपल्याकडे पुराणकाळापासून आहे, असे सांगायची पद्धत आहे. पुराणात सापडणारा घाऊक खरेदीचा पहिला व्यवहार म्हणजे हनुमानाने आणलेला द्रोणागिरी. संजीवनी कुठली ते ओळखू येईना, म्हणून अख्खा डोंगरच उचलला. किराणा ओळीत उभे राहिले की आमची हीच अवस्था होते. पण मी कॉमर्सचा माणूस. मला तारीख आणि व्हाउचर लागते. तेव्हा इतिहासाकडे वळू.

छापील पुरावा गोव्यात सापडतो. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य तिथे राहत होता. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, यावरून तेव्हाच्या मुंबईतल्या जागेच्या भावाचा अंदाज यावा. त्याने इथल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपाने एक पुस्तक लिहिले आणि १५६३ साली ते गोव्यातच छापून निघाले. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात आल्यावर, म्हणजे पर्यायाने आपल्या सुंठीवर, एक स्वतंत्र संवाद आहे. दोन विद्वान डॉक्टर बोलत बसतात, ग्रीक आणि अरब पंडितांचे दाखले देतात, आणि मध्येच ओर्ता अंतोनिया नावाच्या मोलकरणीला हाक मारून एखादी वनस्पती आणायला सांगतो. ती आणते. पंडितांना नाव माहीत असते. वस्तू कुठे मिळते ते अंतोनियाला. मला तर वाटते, आजीबाईच्या बटव्याचा पहिला लेखी उल्लेख हाच. ओर्ता मेल्यावर धर्मन्यायालयाने, तो लपून ज्यू धर्म पाळत होता म्हणून, १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. पुस्तक तोवर लॅटिनमधून युरोपभर गेले होते. हाडे जाळता येतात, सुंठ नाही.

त्यानंतर तीनशे वर्षे डबा घरातच होता. तो दुकानात गेला इंग्रजी अमलात. १८७२ साली पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर सुरू केले. १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन निघाले, १९१० मध्ये झंडू आली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' आणि 'वनौषधिगुणादर्श' लिहून वैद्याच्या पोथीतला माल मराठी संसारात आणून टाकला आणि १९०७ मध्ये नाशिकला वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवले. 'आर्यभिषक्' ज्या घरात असे, त्या घरात निदान एक माणूस तरी स्वतःला अर्धा वैद्य समजे, आणि शेजाऱ्यांना उरलेला अर्धा खर्च पडे.

आमच्या नागपूरचा या कथेतला वाटा मात्र मोठा आणि मजेचा आहे. केशव विष्णु पेंढरकर नावाच्या गृहस्थांचे नागपुरात किराणा दुकान होते. ते मुंबईला गेले आणि १९५२ साली परळला त्यांनी वडिलांच्या नावाने कंपनी काढली, विको. वनस्पतींचे दंतमंजन करायचे आणि मुलांनी दारोदार जाऊन विकायचे, अशी सुरुवात. पुढे १९७५ मध्ये हळदीचे क्रीम आले. तिकडे बैद्यनाथ १९१७ साली कलकत्त्याला निघाले होते. त्यांनी पुढे नागपुरात कारखाना घातला, आणि चौकाला नाव मिळाले. चौकाला नाव मिळणे हा नागपुरात पद्मश्रीच्या वरचा मान आहे.

आणि इथे, वाचकहो, डब्याच्या इतिहासात एक्साइज खात्याचा प्रवेश होतो.

औषधावर कर कमी आणि प्रसाधनावर जास्त, असा तेव्हाचा कायदा. तेव्हा दात घासायची लाल पूड हे औषध की प्रसाधन, हा प्रश्न शास्त्राचा उरला नाही, तिजोरीचा झाला. बैद्यनाथचे म्हणणे, आमचे लाल दंतमंजन औषध आहे. त्याचा पाठ 'आयुर्वेद सारसंग्रह' या ग्रंथात दिला आहे, आणि तो ग्रंथ सरकारनेच औषध कायद्याच्या परिशिष्टात प्रमाण मानला आहे. हा ग्रंथ खुद्द बैद्यनाथचेच प्रकाशन, ही गोष्ट वेगळी. खाते म्हणाले, ग्रंथ राहू द्या बाजूला. यात गेरूच फार आहे, आणि लोक हे दात घासायला घेतात. दात दुखला म्हणून नव्हे, सकाळ झाली म्हणून.

प्रकरण नागपूरच्या कलेक्टरेटमधून निघाले ते ट्रायब्युनलमार्गे सर्वोच्च न्यायालयात पोचले. १९९५ मध्ये न्यायमूर्तींनी ठरवले की कराच्या कायद्यात शब्दाचा अर्थ शास्त्रात पाहायचा नाही, बाजारात पाहायचा. जो वापरतो त्याला ती वस्तू काय वाटते? सामान्य माणूस त्याला मंजनच समजतो, तेव्हा ते मंजन. मधल्या काळात, १९८६ मध्ये, कराचे नवे दरपत्रक लागू झाले होते, म्हणून पुन्हा भांडण झाले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. चरकाची साक्ष बाद आणि गिऱ्हाइकाची ग्राह्य, असा हा निकाल. आमच्या घरात ही पद्धत फार पूर्वीपासून आहे.

विकोचे नशीब मात्र दुसरे निघाले. त्यांचेही भांडण १९७८ पासूनचे, तेही हळदीचे क्रीम औषध की प्रसाधन याच मुद्द्यावर. तुम्हाला दूरदर्शनवरची ती जाहिरात आठवत असेल. क्रीम विकणारी कंपनी गाणे म्हणून सांगे की हे कॉस्मेटिक नाही हो, हे आयुर्वेदिक आहे. लहानपणी मला कोडे पडे. बाई लग्नाला सजून बसली आहे, हळद लागते आहे, सनई वाजते आहे, आणि यात कॉस्मेटिक नाही हे कुणाला सांगून राहिले बाप्पा? बँकेत लागल्यावर, दोन वर्षे व्हाउचरे तपासल्यावर, उलगडा झाला. माझी तर खात्री आहे की ते गाणे नवरीसाठी नव्हतेच. ते एक्साइज इन्स्पेक्टरसाठी होते. खात्याविरुद्धचे युक्तिवाद इतक्या गोड चालीत मांडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. शेवटी नागपूरच्याच एक्साइज कमिशनरच्या अपिलात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने विकोच्या बाजूने निकाल दिला.

म्हणजे पाहा. एकाच शहरातून दोन खटले गेले. हळदीचे क्रीम औषध ठरले आणि लाल मंजन औषध ठरले नाही. निळ्या डबीतला तो जगप्रसिद्ध बाम, ज्याला सर्दी झालेले अर्धे जग साहेबी औषध समजते, त्याच्या भारतीय डबीवर 'आयुर्वेदिक औषध' असे छापलेले असते. आत पुदिन्याचे फूल, कापूर, निलगिरी. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि या मालावरचे उत्पादन शुल्कच गेले. दोन पिढ्या वकिलांचे संसार ज्यावर उभे राहिले, तो खांब एका मध्यरात्रीत निघाला.

हळदीला मात्र अजून एक कोर्ट चढायचे होते. ते अमेरिकेतले. १९९५ साली मिसिसिपीतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरायला हळद वापरण्याच्या शोधाबद्दल, पेटंट मिळाले. शोध लावणारे दोघेही मूळचे आपल्याकडचे, हे विशेष. म्हणजे आजीने गुडघ्यावर दाबलेली हळद यापुढे परवान्याने दाबायची. तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. परिषदेने १९९६ मध्ये त्या पेटंटला हरकत घेतली. आता अडचण अशी की पेटंट कचेरीला आजी चालत नाही, कागद चालतो. परिषदेने बत्तीस दाखले गोळा केले, संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. त्यातून धडा घेऊन २००१ पासून जुन्या ग्रंथांतले पाठ जगाच्या पेटंट कचेऱ्यांना वाचता येतील अशा नोंदवहीत उतरवून ठेवायचे काम सुरू झाले. खातेवही जुळवून ठेवली की ऑडिटरला भ्यायचे कारण नाही, हे आमच्या हेडक्लार्कचे मत इथे पटते.

इथपर्यंत कथा आपल्या विजयाची आहे, आणि अशा ठिकाणी लेख संपवायची आपल्याकडे रीत आहे. पण डब्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे.

माझ्या वडिलांच्या पाठीवर एक बहीण होती. चौदा महिन्यांची. १९५८ च्या पावसाळ्यात, आजी-आजोबा महालात राहत असताना, तिला हगवण लागली. डबा घरात होताच. आजीने डाळिंबाची साल उगाळली, मायफळ उगाळले, जायफळाचा अर्धा वेढा दिला. एकही वेढा चुकला नाही. दुपारी पोरीचे डोळे खोल गेले, टाळू खचली. टांगा करून निघाले, आणि वाटेतच ते संपले. आजीने ही हकीगत मला आयुष्यात एकदाच सांगितली, तांदूळ निवडताना, वर न बघता.

तिने डबा फेकला नाही. खोकला, पडसे, पोटदुखी, मुका मार यांना तो चालतच राहिला. पण मुलाला जुलाब लागले म्हणून कुणी दारात आले, तर ती डब्याला हात लावत नसे. "अजी, उगाळत काय बसता, मेडिकलात घेऊन जा आधी!" एवढेच म्हणायची, आणि ते इतक्या मोठ्याने की माणूस खरोखर निघायचा.

पुढे १९७१ साली, बांगला देशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळची सलाइन संपत आली, तेव्हा त्यांनी ग्लुकोज आणि मीठ प्रमाणात मिसळून पिंपातून पाजायला सुरुवात केली. मरणाचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आले. तेच पाणी पुढे पुडीतून गावोगाव गेले; आपल्याकडे त्याला नाव पडले जलसंजीवनी. हनुमानाला डोंगर उचलावा लागला होता. हे एका पुडीत आले. आजीच्या डब्यात सरकारी दवाखान्यातल्या अशा दोन पुड्या सगळ्यात वर असायच्या, सुंठीच्याही वर. एकदा पुडी पालथी-उताणी करत ती म्हणाली, "यात आहे काय जी? साखर नि मीठ. दोन्ही होतं ना घरात."

दोन्ही होते. प्रमाण नव्हते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढाच हिशेब. तो कुठल्या ग्रंथात सहज हाती लागला नाही, आणि 'आर्यभिषक्' पाठ असलेल्या शेजाऱ्यालाही ठाऊक नव्हता. लाल मंजन औषध की नाही यावर चाळीस वर्षे वाद घालता येतो. साखर-मीठ औषध की वाणसामान, हा वाद कुणी कोर्टात नेला नाही. त्याचा निकाल चमच्याने लागतो.

म्हणून आमच्या घरी डबा भरताना आता थोडी कडक तपासणी असते, आणि तपासनीस माझी बायको. हळद, सुंठ, ओवा, ज्येष्ठमध, हिरडा, लवंग, बडीशेप यांना मुक्त प्रवेश. वाळा उन्हाळ्यापुरता, कारण नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या ताट्यांपासून माठापर्यंत त्याच्यावाचून चालत नाही. खिशातला कांदा ऐच्छिक. वेखंड अंगाला लावायला, पोटात नाही. त्यातल्या एका द्रव्याने उंदरांना गाठी होतात असे दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्येच ते खाण्याच्या पदार्थांतून हद्दपार केले. सहा महिन्यांखालच्या बाळाला गुटी नाही, आईचे दूध. वर्षाच्या आत मध नाही. हे सांगताच आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "मग तुम्ही लोकं कसे वाढले जी?" यावर आमच्याजवळ उत्तर नसते, कारण जे वाढले नाहीत ते उत्तर द्यायला येत नाहीत.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये, गुळवेलीला फार भाव आला. सकाळी फिरायला निघालो की शेजारचे गृहस्थ फाटकातूनच विचारत, "काकाजी, काढा घेऊन राहिले ना?" ते स्वतः दिवसातून तीन पेले घेत. मग २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वेल भलतीच असेल म्हणाले. वाद पंडितांचा आहे आणि तो चालू द्यावा. पण वेल गुळवेलच आहे की भलतीच, हे ओळखणारी अंतोनिया आता कुणाच्या घरी आहे? आणि तीन पेले हा आकडा कुणी ठरवला? आजीच्या हाताखाली ते गृहस्थ असते, तर तिने त्यांना अर्ध्या वेढ्यावर आणले असते.

पितळी डबा आता आमच्याकडे आहे. कल्हई गेली म्हणून आतून काचेच्या बाटल्या बसवल्या आहेत. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: नाव, आणल्याचा महिना, आणि पोटात की वरून. ही चिठ्ठी लिहायचे काम माझे; एवढ्या वर्षांच्या लेजरने अक्षर बरे झाले आहे, त्याचा तेवढाच उपयोग. झाकणाच्या आतल्या बाजूला डॉक्टरांचा फोन नंबर चिकटवला आहे. आणि झाकण उघडले की सगळ्यात आधी हाताला लागते ती पुडी जलसंजीवनीची. तिची मुदत संपली की आम्ही नवी आणून ठेवतो. घरात लहान मूल आता नाही. पण ती जागा कुणी दुसऱ्या वस्तूला देत नाही, सुंठीलासुद्धा नाही.